सुट्टीनंतर कूलंटला सडका वास येतो, नवं भरलं तरी पुन्हा तेच: आधी टाकीचा तळ बघा

कूलंट म्हणजे मशीनवर धातू कापताना थंडाव्यासाठी फिरवतात ते तेल-पाण्याचं मिश्रण, आणि त्याची ही तक्रार नेहमीचीच आहे. साप्ताहिक सुट्टी संपवून सकाळी शेड उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो. सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) पंप चालू केला की तो दुप्पट होतो. ऑपरेटर तोंडाला रुमाल बांधतो, तासाभरात नाक सरावतं आणि कामाला लागतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर मशीनजवळ उभं राहवत नाही. मग मालक कूलंट पुरवणाऱ्याला फोन करून झापतो, कंपनी बदलतो, टाकी उपसून नवं भरतो. महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोबत आणखी दोन तक्रारी असतातच: जॉबवर, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागावर, रात्रीत गंज चढतो आणि दोघा-तिघांच्या हातांना खाज सुटते.

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो, चिंचोळी असो की होटगी रोडची चार मशीनची शेड, मी जिथे जिथे ही तक्रार ऐकली तिथे तेल क्वचितच वाईट निघालं. दोष तीन जागी असतो: टाकीच्या तळाचा गाळ, वर तरंगणारं परकं तेल (मशीनच्या दुसऱ्या भागांतून गळून आलेलं) आणि आपलं बोअरचं पाणी. यातला गाळ सगळ्यात मोठा गुन्हेगार. वरचं कूलंट उपसून नवं ओतणारा माणूस विरजणाच्या भांड्यात ताजं दूध ओतत असतो. कितीही महागाचं दूध आणा, उद्या सकाळी काय होणार ते ठरलेलंच आहे.

वास येतो कुठून

पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल म्हणजे जंतूंसाठी तयार ताट. पाणी आहे, तेल आहे, ऊब आहे. मशीन चालू असतं तोवर कूलंट फिरतं, त्यात हवा मिसळत राहते आणि घाण वासाचे जंतू दबलेले असतात. मशीन थांबलं की स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं वंगण) वर येऊन साय धरतं. त्या सायीखाली हवा पोचत नाही. जिवंत असलेले जंतू उरलेला प्राणवायू संपवतात आणि मग हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंची पाळी येते. ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. पंप चालू केला की तळाशी साठलेला वायू ढवळून बाहेर पडतो, म्हणून पहिला तास सगळ्यात वाईट.

तासाभराने वास गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. शिवाय हा वायू नाकाला बधिर करतो, त्यामुळे 'आता येत नाही' या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. उघड्या टाकीच्या छोट्या मशीनवर प्रकरण वासावर निभावतं. पण जिथे सगळ्या मशीनचं कूलंट जमिनीखालच्या एका हौदात जमतं, तिथे तो हौद साफ करायला माणूस थेट खाली उतरवणं जिवावर बेतू शकतं. गटाराच्या चेंबरमध्ये माणसं दगावतात ती याच जातीच्या वायूने. असा हौद वरून पंपाने उपसा. आत उतरणं टळतच नसेल तर हवा खेळवणारा ब्लोअर, गॅस मोजणारं यंत्र, अंगात हार्नेस आणि त्याला दोर, आणि वर थांबलेला माणूस एवढं असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.

आधी मोजा

तीन गोष्टी मोजायच्या आणि त्यासाठी लॅब लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाण. ते रिफ्रॅक्टोमीटरने कळतं. आपल्या जिल्ह्यात ही वस्तू नवी नाही, साखर कारखान्याचा माणूस फडात उसाचा ब्रिक्स (रसातली गोडी) बघतो तेच यंत्र. उसाचं ० ते ३२ चं असतं, कूलंटला ० ते १० किंवा ० ते १८ चं घ्या, बारीक फरक नीट दिसतो. आधी आपल्याच पाण्याचा थेंब टाकून शून्य लावायचं. मग दिसेल तो आकडा कूलंटच्या फॅक्टरने गुणायचा. फॅक्टर तेलाच्या माहितीपत्रकावर असतो आणि तो दर तेलाचा वेगळा. काचेत ४ दिसले आणि फॅक्टर दीड असेल तर प्रमाण ६ टक्के. हा गुणाकार न करता 'आमचं चार आहे' म्हणणारे बरेच भेटतात. साध्या टर्निंग-मिलिंगला साधारण ५ ते ८ टक्के चालतं, ग्राइंडिंगला त्याहून कमी. नेमकं काय ते पत्रकावर बघा. काचेतली रेघ धूसर, पसरट दिसत असेल तर परकं तेल मिसळलंय किंवा मिश्रण फुटायला लागलंय.

दुसरा पीएच. पट्टीने पाहिला तरी चालेल. ताजं कूलंट ९ च्या आसपास असतं. साडेआठच्या खाली आलं की जंतू वाढलेत असं धरून चाला, ते आम्ल सोडतात आणि पीएच पाडतात. इथूनच गंजाचीही सुरुवात होते. साडेनऊच्या वर गेलं तर हातांची कातडी सोलते.

तिसरा पाण्याचा जडपणा. इथे बहुतेक जण टीडीएस मीटर बुडवून मोकळे होतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. कूलंटला छळतात ते त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ते मोजायला जडपणाचं किट वेगळं मिळतं.

सोलापूरचं पाणी आणि सोलापूरचं ऊन

हा भाग तेलाच्या पत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे शेडमध्ये बोअर किंवा टँकर, आणि खाली काळा पाषाण. किटलीच्या आत पांढरा थर बसतो तेच पाणी आपण टाकीत ओततो. कूलंटला साधारण १०० पीपीएमच्या (लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या) आसपासचा जडपणा मानवतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे प्यायला पास झालेलं पाणी कूलंटला नापास होऊ शकतं. जड पाण्यात तेलाचा साबण फाटतो. वर चिकट पांढुरकी साय येते, फिल्टर तुंबतो आणि तेल पाण्यातून सुटं होतं.

त्यात एप्रिल-मे. पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, हवा कोरडी. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. हिशेब करून बघा. २०० लिटरची टाकी, जडपणा ४०० पीपीएम, रोज ८ लिटर पाणी उडतं आणि तेवढंच वरून घालतो. २५ दिवसांत २०० लिटर नवं पाणी गेलं आणि त्याने ८० ग्रॅम जडपणा आणून टाकला. जॉबसोबत बाहेर जाणारं सोडून दिलं तर ४०० चे महिनाभरात ८०० झाले. भरलं त्या दिवशी चांगलं असलेलं कूलंट उन्हाळ्यात इतक्या लवकर का फुटतं, याचं उत्तर या हिशेबात आहे.

उपाय: रोजच्या भरीसाठी आरओचं पाणी वापरा. पूर्ण टाकी भरताना मात्र निव्वळ आरओ नको, फार मऊ पाण्यात फेस येतो. बोअरचं थोडं मिसळून जडपणा शंभराच्या जवळ आणा. सॉफ्टनर बसवलेला असेल तर एक लक्षात ठेवा. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, क्लोराइड आहे तिथेच राहतं. पाणी मऊ होतं, गंज मात्र येतोच. साय जाऊनही जॉब गंजत असतील तर संशय तिथे घ्या.

भर घालताना नुसतं पाणी ओतायचं नाही, १ ते २ टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला. उडतं ते पाणी, पण चिप्सना (धातूच्या किसाला) आणि जॉबला लागून तेलही जातं. आणि मिसळताना आधी पाणी, मग त्यात तेल. उलट केलं तर घट्ट चिकट लगदा होतो आणि तो ढवळून सुटत नाही.

परकं तेल

स्लाइडवेला जाणारं ६८ नंबरचं तेल परत कधीच मिळत नाही, ते थेंबाथेंबाने कूलंटमध्येच येतं. म्हणून ल्युब्रिकेशनच्या टाकीत आठवड्याला किती तेल लागतं ते लिहून ठेवा. अचानक वाढलं तर कुठलीतरी नळी सुटली आहे. नाहीतर तेल सोडणाऱ्या टायमरचं अंतर कुणीतरी कमी केलेलं असतं. जॉब पकडून फिरवणाऱ्या हायड्रॉलिक चकच्या सिलेंडरची गळती हा दुसरा मोठा स्रोत आणि तो लोकांच्या ध्यानात उशिरा येतो.

साय काढायला बेल्ट स्किमर घ्या, पण तो पंप चालू असताना फारसं काम करत नाही. पृष्ठभाग शांत हवा. शिफ्ट सुरू होण्याच्या तासभर आधी तो चालेल असा टायमर लावा. स्किमर परवडत नसेल तर सुट्टीनंतर पंप सुरू करण्याच्या आधी पसरट भांड्याने वरचं तेल काढून घ्या. तेल शोषणारे पांढरे पॅडही मिळतात. इथे एक सोलापुरी जुगाड दिसतो: टॉवेल कारखान्यातले तुकडे टाकीवर पसरायचे. उपयोग नाही. सुती टेरी आधी पाणी पिते, बुडते आणि तळाशी जाऊन स्वतःच सडते.

लांब सुट्टी असेल, दिवाळी किंवा गड्ड्याची जत्रा, तर साय काढून झाल्यावर माशांच्या टाकीचा छोटा हवेचा पंप टाकीत सोडून जा. काही शे रुपयांत काम होतं. साय न काढता बुडबुडे सोडले तर तेल उलट आत मिसळतं, हा क्रम चुकवू नका.

टाकी खरोखर साफ करायची ती अशी

खंडेनवमीला आपल्याकडे मशीन चकाचक होतं, यात शंका नाही. दारं पुसली जातात, रंग मारला जातो, हार चढतो. टाकीकडे कुणी बघत नाही. उलट दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या फिल्टरमध्ये निघतात आणि बेडवर नारळाचं पाणी सुकून गंजाचे ठिपके उमटतात. पूजा जरूर करा, हार पॅनेलला घाला आणि नारळ दाराबाहेर फोडा.

खरी सफाई आदल्या दिवसापासून सुरू होते. जुन्या कूलंटमध्येच सिस्टिम क्लीनर डब्यावरच्या प्रमाणात घालून शिफ्टभर मशीन चालवा. नळ्यांच्या आत जो बुळबुळीत थर बसलेला असतो तो यानेच सुटतो, नुसत्या पाण्याने जात नाही. ही पायरी गाळतात म्हणूनच महिनाभरात वास परत येतो.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद. बंद म्हणजे लाल बटण दाबून नव्हे. मेन आयसोलेटर खाली, त्याला कुलूप आणि किल्ली साफ करणाऱ्याच्या खिशात. हवेची लाइन बंद करून प्रेशर सोडून द्या. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) असेल तर वर-खाली सरकणाऱ्या झेड अक्षाखाली लाकडी ठोकळा ठेवा, ब्रेक दमला असेल तर पूर्ण हेड खाली येतं. टरेटमधली (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यातली) टूल काढून ठेवा किंवा झाकून घ्या. गाळात हात घालताना कापायचं भय असतं ते चिप्सपेक्षा वर वाट बघत असलेल्या इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या टोकाच्या धारदार तुकड्याचं.

मग टाकी उपसा, चिप्स काढा, तळ आणि कोपरे खरवडा. चिप कन्व्हेयर बाहेर ओढून त्याच्या खालचा गाळ काढा. गाळाचं घमेलं तिथेच राहतं आणि टाकी 'साफ' झाली म्हणून सही होते, हे सर्रास चालतं. टेलिस्कोपिक कव्हरच्या खाली, पंपाच्या जाळीवर आणि टाकी दोन भागांची असेल तर मधल्या भिंतीच्या पलीकडे बघा. हे झाल्यावर १ टक्का नव्या कूलंटचं पाणी भरून सगळ्या नळ्यांतून फिरवा. टूलमधून येणारी हाय प्रेशर लाइन आणि धुण्याची गनही त्यात आली. ते पाणीही काढून टाका आणि मगच नवं भरा. साध्या पाण्याने खळबळलं तर बेडवर तासाभरात गंज दिसतो, म्हणून तो १ टक्का.

बऱ्यापैकी मोठ्या मशीनला दोन माणसं आणि पूर्ण दिवस लागतो. उत्पादन बुडतं म्हणून मालक कुरकुरतात. नासलेल्या कूलंटमध्ये टूल किती लवकर बोथट होतं आणि किती जॉब गंजून परत येतात हे एकदा वहीत मांडलं की कुरकुर थांबते.

हवेची गन, हातमोजे आणि टॉवेलचा तुकडा

सफाईच्या नावाखाली बऱ्याच इजा होतात त्या या तीन वस्तूंमुळे.

शेडमधली हवेची लाइन ६-७ बारची असते. सफाईसाठी गनच्या तोंडाशी २ बारच्या आत हवी आणि समोर चिप अडवणारं काहीतरी हवं. लाइनच्या पूर्ण दाबाने उडालेली चिप डोळ्यात जाते, वायपरच्या मागे शिरते, स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत पोचते. गाइडवे लवकर झिजण्याचं हे एक मुख्य कारण आहे. ब्रश, कूलंटची गन किंवा व्हॅक्यूम वापरा. अंगावरची धूळ हवेने उडवणं तर कायमचं बंद करा, कातडीवरच्या बारक्या जखमेतून हवा रक्तात शिरू शकते.

हातमोजे गाळ काढताना हवेतच, पण मशीन कुलूपबंद असताना. फिरत्या चकजवळ, ड्रिलजवळ हातमोजा घालणं धोक्याचं आहे. कडं, मनगटाचा गंडा-दोरा, सैल बाही यांचंही तेच. आणि सोलापुरात पुसायला फुकट मिळतो तो टेरी टॉवेलचा तुकडा. त्याच्या एकेका लूपमध्ये चकचा जबडा अडकतो. चालू लेथवर जॉब पुसताना तो तुकडा ओढला गेला तर हात सोडायला वेळ मिळत नाही. पुसायचं ते मशीन थांबल्यावर, आणि टेरी नको, सपाट कापड घ्या.

लांब गुंतलेल्या चिप्स हुकने काढायच्या, तेही चक थांबल्यावर. पण रोजच गुंता होत असेल तर हुकवर अवलंबून राहू नका. इन्सर्टचा चिपब्रेकर (चिप मोडणारी खाच) त्या मालाला जुळत नाही किंवा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) फार कमी ठेवलाय. फीड थोडा वाढवला की चिप तुटून पडते आणि हात घालायची वेळच येत नाही.

दाराचा सेफ्टी स्विच जंपर मारून (वायरीने जोडून निकामी करून) ठेवलेली मशीन मी अजून बघतो. सायकलचे दोन सेकंद वाचतात म्हणे. तो जंपर आजच काढा.

काय घालू नका

फिनाईल: वास झाकतो, मिश्रण फोडतो. ब्लीचिंग पावडर: जंतू मरतात खरे, पण कॅल्शियम आणि क्लोराइड दोन्ही वाढतात, म्हणजे साय आणि गंज तुम्हीच विकत घेतला. गंज थांबवायला सोडियम नायट्राइट टाकण्याची जुनी सवय तर पूर्ण सोडा. कूलंटमध्ये अमाइन नावाची रसायनं असतील तर दोन्हीतून नायट्रोसामाइन तयार होतात, आणि ते कर्करोगाशी जोडलेलं रसायन आहे. जंतुनाशक घालायचंच असेल तर तेल पुरवणाऱ्याने त्या तेलासाठी सांगितलेलं, मोजून आणि हातमोजे घालून. जास्त झालं तर पुरळ उठतं.

हातांची खाज आणि खोकला

प्रमाण ८-१० च्या वर गेलंय का ते आधी बघा, खाजेचं ते सगळ्यात साधं कारण. हात रॉकेल, डिझेल किंवा थिनरने धुण्याची सवय दुसरं कारण. साधा सौम्य साबण आणि काम सुटताना तेलकट मलम पुरतं. कूलंटने भिजलेलं फडकं पँटच्या खिशात कोंबून दिवसभर फिरणाऱ्याच्या मांडीवर चट्टा येतो, मग तो घामोळ्यांची पावडर लावत बसतो.

खोकल्याकडे जास्त लक्ष द्या. कामाच्या दिवशी खोकला, धाप, अंगात कणकण. सुट्टीत बरं वाटतं. कामावर आलं की परत सुरू. अशी लय असेल तर ती सर्दी नसू शकते. नासलेल्या कूलंटच्या तुषारातले जंतू फुप्फुसात गेले की अशी दाहक प्रतिक्रिया होते. डॉक्टरकडे जाताना मशीनवर काम करतो, कूलंटचा धूर अंगावर येतो हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. शेडमध्ये करायचं ते एवढंच: सायकल संपल्यावर दार लगेच न उघडता धुकं बसू द्या.

शेजारचा माग

अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून मशीन शॉप असेल तर कापसाची तूस तुमच्याकडे येणारच. ती टाकीवरच्या तेलाला चिकटून फिल्टर तुंबवते. त्याहून वाईट म्हणजे इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पंख्याची जाळी बंद होते, मे महिन्यात दुपारी ड्राइव्ह तापून अलार्म येतो आणि लोक ड्राइव्ह बदलायला निघतात. जाळी आधी बघा. तेलात भिजलेली तूस पटकन पेट घेते, ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी पुरते. तसाच भंगारचा कोपरा: ओल्या कास्ट आयर्नच्या बोरिंगचा (भुग्याचा) मोठा ढीग आतून तापत जातो. भंगारवाला येईपर्यंत तो निथळून, छोट्या ढिगात आणि लाकडा-पुठ्ठ्यापासून लांब ठेवा.

काढलेलं कूलंट कुठे टाकायचं

मागच्या ओढ्यात नाही, गटारात नाही, धूळ बसावी म्हणून रस्त्यावरही नाही. वापरलेलं तेल आणि तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. बंद बॅरलमध्ये, लेबल लावून, छपराखाली ठेवायचा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यायचा. साठवणुकीची साधारण मुदत ९० दिवस. स्किमरने काढलेलं तेल वेगळ्या बॅरलमध्ये ठेवा. पाणी कमी असेल तर विल्हेवाटीचा खर्चही कमी.

एवढं सगळं करूनही वास येत असेल

मग कुठेतरी कूलंट साचून राहतंय. महिन्यातून एकदाच वापरली जाणारी हाय प्रेशर लाइन, बंद ठेवलेली धुण्याची गन, बेडखालचा खोलगट कोपरा, मशीनखाली फरशीवर झिरपलेलं डबकं. प्रत्येक लाइन आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालवा आणि मशीनखाली टॉर्च मारून बघा. तिथेही काही सापडलं नाही तर रात्रपाळीत टाकीत काय पडतं ते विचारा. मावा खाऊन थुंकायला चिप ट्रेपेक्षा जवळची जागा नसते आणि उरलेला चहाही तिथेच जातो. रागवण्यापेक्षा मशीनजवळ एक कचऱ्याचा डबा आणि दाराबाहेर पिकदाणी ठेवली तर लवकर फरक पडतो. सूचनेचा कागद लावाल तो मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा, रात्रपाळीला कोण असतं त्याप्रमाणे.